'तो आपणहून सोडून गेला': उद्यमबागेतल्या एका कामगाराची केस

कंपनीचं म्हणणं एका ओळीचं होतं. हा माणूस न सांगता यायचा बंद झाला, आम्ही त्याला काढलेलंच नाही.

बेळगावात आता उद्यमबाग घ्या, मच्छे घ्या, होनगा काकती घ्या, कामगाराला काढतात ते बहुतेक असंच काढतात. पत्र देऊन कोण काढत नाही, कारण पत्र दिलं की नोटिशीचा पगार आला, भरपाई आली, चौकशी का नाही केली याचं उत्तर आलं. त्यापेक्षा गेटवर सांगायचं उद्या ये, परवा ये, साहेब नाहीत, आणि माणूस दमून यायचा बंद झाला की फाईलला शेरा मारायचा, स्वतःहून काम सोडलं. मी वकील नाही, युनियनच्या दिवसांपासून लोकांचे अर्ज लिहून द्यायची सवय आहे एवढंच, आणि ही केस सविस्तर लिहितोय कारण हिच्यात या पद्धतीचे सगळे प्रकार एकाच माणसावर झालेत आणि त्यातून तो कसा बाहेर पडला ते कागदावर दाखवता येतं. कंपनीचं नाव देत नाही, माणसाचंही नाही, घरी त्याला आप्पा म्हणतात तेच वापरतो.

आप्पा खानापूर तालुक्यातला, अनगोळात भाड्याच्या खोलीत राहतो, बायको आणि दोन पोरं. जून २०१३ ला ठेकेदाराच्या नावावर लागला, आधी साध्या लेथवर, मग सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. एप्रिल २०१७ पासून कंपनीच्या रोलवर आला. मशीन तेच, गेट तेच, फोरमन तोच, फक्त पगाराच्या पावतीवरचं नाव बदललं. २०२२ मध्ये एकूण पगार १५,६००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १३,०००. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतात.

१८ जुलै २०२२ ला सेकंड शिफ्टला जॉब लोड करताना डाव्या हाताची दोन बोटं चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या भागात, सापडली. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, ट्रीटमेंट झाली, कामावर झालेली इजा म्हणून पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबानं बेनिफिट खात्यावर जमा होत गेला, आणि ११ सप्टेंबरपर्यंत सुट्टीचं सर्टिफिकेट होतं. १२ तारखेला, सोमवारी, फिटनेस सर्टिफिकेट घेऊन तो फर्स्ट शिफ्टला गेला तर गेटवरचा सिक्युरिटी, रोज तंबाखू मागणारा माणूस, खाली बघत म्हणाला, "ओळग बिडब्याड अंत हेळ्यार." आत सोडू नको म्हणून सांगितलंय. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. एचआरला फोन लावला तर दोन-चार दिवस थांब, हात नीट होऊ दे. मग पुढच्या आठवड्यात बघू. मग व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला, तुझ्या मशीनवर दुसरा माणूस घेतलाय, हिशोबाला ये. या मेसेजचं महत्त्व आप्पाला तेव्हा कळलं नव्हतं, नशीब एवढंच की त्यानं तो डिलीट केला नाही.

दसरा झाल्यावर तो हिशोबाला गेला. टेबलावर २२,००० चा चेक आणि इंग्लिशमध्ये टाइप केलेला एक कागद. आप्पा शिकला सातवीपर्यंत मराठीत. त्यानं विचारलं यात काय लिहिलंय, तर म्हणे काही नाही, पैसे मिळाले म्हणून पावती आहे. मोबाईलवर फोटो काढला तेव्हा एचआरवाला चिडला, पण फोटो निघाला होता. "सही करून चेक ने, न्हाईतर दोन्ही राहू दे इथंच," असं ऐकून हा चेक न घेता परत आला. बायको त्याच्यावर दोन दिवस बोलत नव्हती, दिवाळी तोंडावर आलेली आणि हा २२,००० सोडून आला. त्या कागदात काय होतं ते नंतर फोटो मोठा करून वाचलं: मी वैयक्तिक कारणासाठी राजीनामा देत आहे, माझे सर्व देणे मिळाले, कंपनीविरुद्ध माझी कुठलीही मागणी उरलेली नाही. तीन वाक्यं. सही झाली असती तर केस संपली असती असं नाही, दबावाखाली घेतलेला राजीनामा कोर्टात पाडता येतो, पण मग दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी आप्पाच्या गळ्यात आली असती आणि त्यात माणसं वर्षानुवर्षं अडकतात.

आता यातली खास आपल्या भागातली भानगड. आप्पाचा साडू इचलकरंजीला असतो, लूममध्ये, युनियनमध्ये थोडाफार असतो, त्यानं जानेवारीत सांगितलं की ९० दिवसांत कम्प्लेंट टाकायची असते, तुझे ९० दिवस गेले, आता काही होत नाही. आप्पानं ते खरं मानलं. साडू खोटं बोलत नव्हता, महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्याला सगळे पल्प म्हणतात, त्यात तक्रारीला ९० दिवसांची मुदत होती हे बरोबरच. पण तो कायदा महाराष्ट्राचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या कारखान्याला तो लागूच नाही. आपण मोबाईलवर मराठीत शोधतो, मराठीत सगळं पुण्या-मुंबईचं येतं, व्हिडिओतला वकील छान समजावून सांगतो, आणि आपण इथं उद्यमबागेत बसून कोल्हापूरच्या मुदती मोजत बसतो. मुदतीबाबत हा घोटाळा मी इतक्यांदा बघितलाय की आता कोणी आलं की पहिला प्रश्न हाच विचारतो, कारखाना कुठल्या राज्यात आहे. तू कुठं राहतोस, रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठं, याचा संबंध नाही, काम कुठं करत होतास ते बघतात. निपाणीचा पोरगा कागलच्या एमआयडीसीत कामाला असेल तर त्याला महाराष्ट्राचे नियम, आणि कागलचा पोरगा निपाणीत असेल तर कर्नाटकचे.

इथं आप्पाला लागू होता १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्याच्या कलम २अ प्रमाणे एकट्या कामगाराला काढलं तरी तो औद्योगिक विवाद धरला जातो, मागं युनियन असायलाच पाहिजे असं नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर लेबर ऑफिसात तडजोडीचा अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत काही झालं नाही तर कामगार थेट लेबर कोर्टात जाऊ शकायचा, सरकारनं केस पाठवायची वाट बघावी लागायची नाही, आणि त्यासाठी काढल्यापासून तीन वर्षं मुदत होती. त्याशिवाय कर्नाटकनं स्वतःची दुरुस्ती करून १०(४अ) हे पोटकलम घातलं होतं, त्यात सहा महिन्यांच्या आत थेट कोर्टात जाता यायचं. म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये आप्पाचे दोन्ही दरवाजे उघडे होते आणि हा माणूस घरी बसून एका गूळवाल्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागायच्या विचारात होता.

(आता वाचणाऱ्यांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे चार लेबर कोड लागू झालेत, १९४७ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेलाय. आता काढलं गेलं असेल तर तीन वर्षं धरून बसू नका, तडजोड अधिकाऱ्याकडं जायला दोन वर्षांची मुदत आहे. २४० दिवस, एक महिन्याची नोटीस, वर्षाला १५ दिवसांचा पगार, हे मुख्य हिशोब, पुढं येतात ते, तसेच आहेत. वेतन संहितेत आणखी एक चांगलं झालंय, काढल्यावर किंवा सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. मिळतो का ते वेगळं, पण अर्जात लिहायला आधार आहे.)

तर पहिलं काम, पत्र. आप्पाच्या नावानं साधं पत्र लिहिलं: मी अमुक तारखेपासून कामाला आहे, इजा झाली, फिटनेस घेऊन १२ सप्टेंबरला आलो, मला आत घेतलं नाही, मी आजही कामावर यायला तयार आहे, मला कामावर घ्या आणि मधला पगार द्या. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जो माणूस लेखी म्हणतोय मी यायला तयार आहे, त्यानं काम सोडलं म्हणणं अवघड होतं. रजिस्टर पोस्टानं एडी लावून पाठवलं, आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय म्हणून स्पीड पोस्टानं पोचपावतीसकट पाठवायचं. कंपनीनं ते घेतलंच नाही, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं. आप्पाला वाटलं पत्र वाया गेलं. उलट आहे, बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र नाकारलं तर ते पोचलं असंच धरतात. ते पाकीट न फोडता तसंच ठेवायचं, फोडलं की आत काय होतं यावर वाद सुरू होतो.

फेब्रुवारीत लेबर ऑफिसला अर्ज दिला. अर्ज कन्नडमधून टाइप करून घेतला आणि खाली आप्पानं स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं, मला वाचून दाखवलं, समजलं, आणि सही केली. मराठी माणसानं इथं ही सवय लावून घ्यावी असं मला वाटतं, स्वतःच्या अर्जावरसुद्धा. नोटीस आली ती कन्नडमध्ये, त्याची नववीतली पोरगी मराठी शाळेतच आहे पण कन्नड विषय आहेच, तिनं वाचून तारीख सांगितली. तडजोडीच्या बैठकीत वकील चालत नाहीत, युनियनचा पदाधिकारी चालतो. कंपनीकडून आधी कोणी आलंच नाही, मग एक क्लार्क आला जो म्हणाला मला अधिकार नाहीत, आणि शेवटी एचआर आला तो लेखी उत्तर घेऊन. तडजोड झाली नाही, होणार नव्हतीच, पण त्या उत्तरानं केस उभी केली. कंपनीनं आपलं म्हणणं एकदा कागदावर सही करून दिलं की नंतर ते बदलणं अवघड जातं. तडजोड फेल जाईल म्हणून ती टाळायला बघणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं.

उत्तरात तीन गोष्टी होत्या. एक, हा आपणहून सोडून गेला, आम्ही तीन पत्रं पाठवली कामावर ये म्हणून. दोन, हा २०१७ पासूनचा आहे, आधीचं आम्हाला माहीत नाही. तीन, हा सेल इन्चार्ज होता, म्हणजे सुपरवायझर, म्हणजे कायद्यानं कामगारच नाही.

तिसरं लगेच संपवतो. कागदावर काय पद लिहिलंय ते कोर्ट बघत नाही, हातानं काय काम करत होता ते बघतं. जुन्या कायद्यात सुपरवायझरला १०,००० च्या वर पगार असेल तर तो कामगार नाही अशी मर्यादा होती, नव्या संहितेत ती १८,००० केलीय, पण मुळात माणूस खरोखर सुपरवायझरीचं काम करत असला पाहिजे. सुट्टी मंजूर करायचा अधिकार होता का, कुणाला मेमो द्यायचा अधिकार होता का? आप्पा दिवसभर मशीनसमोर उभा राहून जॉब काढत होता, आणि बोटंसुद्धा त्यातच गेली, ऑफिसातल्या खुर्चीत बसून कुणाची बोटं चकमध्ये जात नाहीत.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र वेळ गेला. आधी कायद्याचं बघू. कामगारानं मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं असेल तर त्याला असंच काढता येत नाही, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार, हे काढतानाच द्यावं लागतं, नंतर कधीतरी नव्हे. हे न देता काढलं तर काढणंच बेकायदा. आणि २४० दिवस भरले हे सिद्ध करायचं कामगारानं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हडिमनी केसमध्ये सांगितलं की मी २४० दिवस केले असं नुसतं ॲफिडेव्हिट पुरत नाही. ही केस कर्नाटकातलीच, फॉरेस्ट खात्याची. ती ऐकून कामगार घाबरतात. पण यल्लट्टी केस, तीही कर्नाटकातली, नोव्हेंबर २००५ चा निकाल, त्यात कोर्टानं दुसरी बाजू सांगितली की रोजंदारीवाल्याकडं ना नेमणूकपत्र असतं ना पावत्या, त्यानं साक्ष द्यावी आणि मालकाकडून मस्टर म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक मागवावं. म्हणून अर्ज देऊन मस्टर मागवायचंच, ते द्यायला कंपनी टाळाटाळ करायला लागली की ते तिच्याच अंगावर येऊ शकतं. आप्पाचे २४० दिवस पीएफ पासबुकातच दिसत होते, अडचण होती ती २०१३ ते २०१७ ची. पासबुकात त्या काळात ठेकेदाराचं नाव.

आप्पाची बायको एक साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आली. आपल्याकडं घराघरात अशी एक पिशवी असते, लाईट बिलं, पोरांचे दाखले, सगळं एकात. तिच्यात ईएसआयचं जुनं कार्ड होतं, २०१४ ची बोनसची स्लिप होती ठेकेदाराच्या नावाची, त्यानं काही होत नव्हतं, दोन गेटपास होते ज्यावर शिक्का पुसट झालेला. आणि तळाला लॅमिनेशन केलेलं एक सर्टिफिकेट. मार्च २०१५, सुरक्षा सप्ताह, घोषवाक्य स्पर्धा, दुसरा क्रमांक, खाली आप्पाचं पूर्ण नाव, डिपार्टमेंट मशीन शॉप, कंपनीचा गोल शिक्का, फॅक्टरी मॅनेजरची सही. ज्या कंपनीला २०१७ च्या आधी हा माणूस माहीतच नव्हता तिनं २०१५ मध्ये त्याला सुरक्षेचं बक्षीस दिलेलं. नऊ वर्षं भिंतीवर न लावता पिशवीत पडलेला हा कागद नंतर ग्रॅच्युइटीत ३०,००० रुपयांचा ठरला, कसा ते खाली येतंच.

आता पहिला मुद्दा, ती तीन पत्रं. तारखा होत्या २३ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १९ सप्टेंबर २०२२. पाठवलेली कुठं, तर खानापूर तालुक्यातल्या गावच्या पत्त्यावर, जिथं आता त्याचा म्हातारा चुलता एकटा राहतो, आणि अनगोळचा पत्ता कंपनीच्याच ईएसआय रेकॉर्डला असताना. पण पत्ता बाजूला ठेवा. २३ ऑगस्टला आप्पा ईएसआयच्या सुट्टीवर होता. कामावर इजा झाली म्हणून जो ॲक्सिडेंट रिपोर्ट जातो तो कंपनीच भरते, त्याच्यावर याच एचआरची सही, आणि तोच एचआर महिन्यानं लिहितो की आपण विनापरवानगी गैरहजर आहात. तेव्हाच्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं, इजेच्या किंवा आजारपणाच्या बेनिफिटवर असलेल्या माणसाला त्या काळात काढता येत नव्हतं, शिक्षा करता येत नव्हती, आणि त्या काळात दिलेली नोटीसही चालत नव्हती. हे कलम फार थोड्या लोकांना माहीत असायचं, युनियनवाल्यांनाही.

आणि ३१ ऑगस्ट. मी तारीख दोनदा वाचली. ३१ ऑगस्ट २०२२ म्हणजे गणेश चतुर्थी. बेळगावात चतुर्थीच्या दिवशी एचआर ऑफिसात येऊन, कॉम्प्युटर चालू करून, जावक नंबर टाकून पत्र काढतो हे लेबर ऑफिसात सांगितलं तेव्हा समोरचा क्लार्कही हसला. जावक रजिस्टर मागवलं तर त्या दिवशी दुसरी एकही नोंद नव्हती. तिसऱ्या पत्राची पोस्टाची पावतीच नव्हती. म्हणजे पत्रं नंतर बसून तयार केलेली, कॅलेंडर न बघता.

समजा पत्रं खरी असती तरी काय? १९९३ च्या डी. के. यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांत, इतके दिवस गैरहजर राहिला की नाव कमी असं लिहिलेलं असलं तरी कामगाराला म्हणणं मांडायची संधी न देता, चौकशी न करता काढता येत नाही. काम सोडलं हा मनाचा निर्णय असतो, तो माणसाच्या वागण्यातून दिसायला पाहिजे. इथं माणूस फिटनेस घेऊन गेटवर उभा होता आणि हिशोबाला ये म्हणून कंपनीचाच मेसेज होता. मेसेजचं एक सांगतो, नुसता स्क्रीनशॉट प्रिंट करून जोडला की झालं असं नसतं, मोबाईलवरच्या पुराव्याला सर्टिफिकेट जोडावं लागतं, तेव्हा ते एव्हिडन्स ॲक्टच्या ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. आणि मूळ मोबाईल विकू नका. आप्पानं स्क्रीन फुटलेला तो फोन दोन वर्षं तसाच ठेवला.

एप्रिल २०२३ ला लेबर कोर्टात अर्ज गेला. वकिलाची फी हा प्रश्न होता, तर तो कायदा सेवा प्राधिकरणातून सुटला. १९८७ च्या कायद्यात मोफत वकील कुणाला याची जी यादी आहे त्यात औद्योगिक कामगार स्वतंत्र लिहिलाय, त्याला उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. हे ऐकल्यावर आप्पा म्हणाला, "काका, फुकटचा वकील म्हंजे तसलाच असणार की." मिळालेला वकील तरुण पोरगा होता, हुक्केरीकडचा, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा, आणि त्यानं उलटतपासणी ज्या शांतपणे घेतली ती बघून मला तरी काही कमी वाटलं नाही. त्यानं एचआरला आधी ॲक्सिडेंट रिपोर्ट दाखवला, ही सही तुमची का, होय. मग २३ ऑगस्टचं पत्र, ही सही तुमची का, होय. मग विचारलं, या दिवशी अर्जदार कुठं होता असं तुम्हाला वाटत होतं? त्याला उत्तर देता आलं नाही.

आप्पाचीही उलटतपासणी झाली आणि ती मधल्या काळातल्या कमाईवरच जास्त झाली. केस चालू असताना घर चालवायला तो गूळवाल्याचा टेम्पो चालवत होता, सीझनमध्ये. लोकांचा समज असा की हे लपवायचं. लपवू नये. मागचा पगार मागताना मला दुसरी कायमची नोकरी नव्हती हे कामगारानं सांगायचं असतं, मग मालकानं दाखवायचं की होती. २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हा क्रम स्पष्ट केलाय, आणि हेही सांगितलंय की काढणं बेकायदा ठरून कामावर परत घेतलं तर मागचा पगार हा साधारण नियम आहे, खैरात नाही. पोट भरायला केलेलं किरकोळ काम आणि बरोबरीची नोकरी यात फरक करतात. आप्पानं सरळ सांगितलं, महिन्याला सहा-सात हजार मिळायचे, पावसाळ्यात तेही नाही. कंपनीच्या वकिलानं ओरडून बघितलं पण त्यात काही दम नव्हता.

२०२४ मध्ये कंपनीकडून तडजोडीची भाषा सुरू झाली आणि इथं आमचे मतभेद झाले. माझं म्हणणं निकाल घ्यावा. कामावर परत घेण्याचा हुकूम झाला आणि कंपनी धारवाडला हायकोर्टात गेली तरी १९४७ च्या कायद्याच्या कलम १७ब प्रमाणे तिथली केस संपेपर्यंत शेवटचा पगार महिन्याला द्यावा लागायचा, कामगार दुसरीकडं नोकरीला नसेल तर. त्यामुळं लांबेल ही भीती वाटत होती तेवढी खरी नव्हती. आप्पाची बायको म्हणाली, "भावजी, तुमचं बरोबर हाय, पण हेनी त्या मशीनवर परत उभारणार न्हाईत, रात्री झोपेत हात वडून घेतात." यावर कायद्याचं काय बोलणार.

मग हिशोब मांडला. सप्टेंबर २०२२ ते जुलै २०२४ बावीस महिने, १५,६०० नं ३,४३,२००. ही कामावर परत घेतलं असतं तर मिळाली असती ती वरची बाजू. खालची बाजू, कायद्यानं काढलं असतं तर काय: नोटिशीचा एक पगार १५,६००, आणि वर्षाला १५ दिवस म्हणजे अर्धा पगार ७,८०० गुणिले नऊ, ७०,२००. मिळून ८५,८००. ग्रॅच्युइटी वेगळी, ती कामावरून काढलं तरी देणं, सोडलं तरी देणं. १३,००० ला २६ नं भागून १५ नं गुणायचं, ७,५०० एका वर्षाचे. कंपनी म्हणत होती पाच वर्षं, ३७,५००. सुरक्षा सप्ताहाच्या सर्टिफिकेटनंतर नऊ वर्षं मान्य झाली, ६७,५००. कंपनीनं सुरुवातीला दाखवलेला २२,००० चा चेक यातल्या कुठल्याच आकड्याला धरून नव्हता, तो फक्त दिवाळी तोंडावर आलेल्या माणसाला धरून होता.

लोकअदालतीत ठरलं ते असं: मागचा पगार आणि भरपाई मिळून एकरकमी ३,२५,०००, ग्रॅच्युइटी ६७,५०० वेगळी. व्याज सोडलं, उशिरा दिलेल्या ग्रॅच्युइटीला १० टक्के सरळ व्याज असतं ते मागता आलं असतं, मला ते सोडणं पटलं नाही पण आप्पाला संपवायचं होतं. लोकअदालतीच्या हुकुमावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घेतली, मराठीत मोठ्यानं. त्यात तीन गोष्टी आम्ही मागून घातल्या ज्या लोक विसरतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं पंधरा दिवसांत भरायची, कारण ती भरली नाही की पैसे काढताना अडकतात. सर्व्हिस सर्टिफिकेट जून २०१३ पासूनचं, सीएनसी ऑपरेटर असं लिहून, सेल इन्चार्ज नव्हे. आणि हप्ते नाहीत, दोन डिमांड ड्राफ्ट, त्याच दिवशी.

ड्राफ्ट त्याच दिवशी मिळाले. सर्टिफिकेटला दोन महिने लागले आणि पहिल्यांदा त्यात २०१७ च लिहून आलं, ते परत पाठवून बदलून घेतलं. बोटांच्या कायमच्या अधूपणाचं ईएसआयकडून जे मिळतं त्यासाठी मेडिकल बोर्डापुढं जावं लागतं, त्याचा तडजोडीशी संबंध नाही, कंपनीनं काही दिलं म्हणून ते बुडत नाही. आप्पानं तो अर्ज केलेलाच नव्हता, आता केलाय, बोर्डाची तारीख यायची आहे. सध्या तो मच्छ्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे, मशीनवर नाही, मापं तपासायच्या कामावर. गेल्याच आठवड्यात तिथल्या एका पोराला घेऊन आला होता, त्यालाही गेटवर सांगितलंय उद्या ये म्हणून.